भटारखान्यातला उन्हाळा



या व्याख्यानमालेला वसंताचे नाव आहे खरे. पण आपल्या खानदेशात वसंत पंचांगाबाहेर फारसा येत नाही. होळी पेटली की उन्हाळा दाराशी उभाच. म्हणून आपण ही सभा दिवेलागणीनंतर भरवतो, पटांगणावर पाणी शिंपडतो, आणि वक्त्याला हार घालण्याआधी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतो. ऊन पाहून माणसाने कामाची वेळ पुढेमागे करावी, हे शहाणपण इथल्या मातीतच आहे. शेतकरी झुंजूमुंजूला शेतात उतरतो आणि ऊन चढायच्या आत झाडाखाली येतो. वैशाखात दुपारी जळगावच्या बाजारात कित्येक दुकानदार गल्ल्यावरच पेंगत असतात. एक धंदा मात्र असा, की ज्याच्या कामाचा जोर नेमका दुपारी बारा ते तीन असतो, आणि तोही विस्तवापाशी. तो धंदा खानावळीचा. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या खानावळीच्या मागच्या खोलीविषयी, जिला भटारखाना म्हणतात.

आधीच सांगून टाकतो, की आम्ही पदवीधर नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते व. वा. वाचनालयातल्या पुस्तकांपाशी आणि कामगार कार्यालयातल्या बाकांवर. तेव्हा शास्त्र सांगताना आम्ही ते चूल-तव्याच्या भाषेत सांगू; सभेतल्या प्राध्यापक मंडळींनी ते सांभाळून घ्यावे.

आपण हॉटेलात जाता, पंख्याखाली किंवा हल्ली गार हवेच्या खोलीत बसता, शेवभाजी आणि भाकरी सांगता. पंधरा मिनिटांत ताट येते. त्या पंधरा मिनिटांत मागे काय घडले ते पाहायला कोणी जात नाही, आणि जाऊ लागलात तर मालक जाऊ देत नाही. बहुतेक ठिकाणी ही खोली मागाहून काढलेली असते. पुढचा भाग पक्का, मागे पत्र्याचे छप्पर. एका भिंतीला दोन-तीन भट्ट्या, कोपऱ्यात तंदूर, त्याच्यासमोर भाकरी थापणाऱ्या बाईची चूल, मधे एका माणसाने अंग चोरून जावे एवढी वाट, आणि शेवटी मोरी. खिडकी असलीच तर तिच्यापुढे तेलाचे डबे रचलेले. वर भिंतीत धूर बाहेर टाकणारा पंखा असतो. तो फिरताना दिसतो, पण तेलाने माखलेल्या जाळीतून हवा किती जाते हे त्याचे त्यालाच ठाऊक. बाहेर पारा ४४ अंशांवर गेला, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे तो जातोच, की आत तेवढ्यावर भागत नाही. वरून पत्रा, पुढून भट्टी, पाठीमागून तंदूर.

पूर्वी भट्टीला लाकूड होते, मग दगडी कोळसा, कुठे लाकडाचा भुसा, कुठे रॉकेल. आता १९ किलोची गॅसची टाकी आहे. गॅस आल्याने धूर गेला, डोळे वाचले, याबद्दल तक्रार नाही. पण गॅसची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक किलो गॅस जळला, की त्यातून सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे एक टाकी संपेपर्यंत त्या खोलीच्या हवेत अठ्ठावीस-तीस लिटर पाणी, न उकळताच, नुसत्या ज्वालेतून सुटलेले असते. भाताच्या पातेल्याची, डाळीची, मोरीतल्या कढत पाण्याची वाफ त्याच्यावर वेगळी. ही वाफ खोलीबाहेर गेली नाही, तर काय होते हेच आमच्या आजच्या बोलण्याचे मूळ आहे.

माणसाचे अंग आतून ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. बाहेरची हवा त्याहून तापली, की अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग उरतो एकच, घाम. एक लिटर घाम अंगावरून वाळून गेला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. इथे 'वाळून गेला' या शब्दांवर आमचा भर आहे. अंगावरून निथळून जमिनीवर पडलेला घाम फुकट गेला. त्याने मीठ आणि पाणी तेवढे नेले, उष्णता जिथल्या तिथे ठेवली. आचारी घामाने न्हालेला दिसला म्हणजे त्याचे अंग निवते आहे असे लोकांना वाटते. खरे पाहता त्याचा घाम वाळत नाही म्हणून तो न्हालेला दिसतो.

आपल्या घरातला माठ हेच करतो. माठ पाझरतो, ओल वाळते, पाणी गार होते. खानदेशात उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते, की बाहेर ४४ अंश असताना माठातले पाणी पुष्कळ अंश खाली उतरते. तोच माठ श्रावणात रुसतो. आम्ही आमच्या कामगारांना एक साधी परीक्षा सांगतो: भटारखान्यात, भट्टीच्या आचेपासून दूर, भिंतीशी माठ ठेवा. दुपारी त्यातले पाणी गार लागले, तर हवा ठीक खेळते आहे. कोमट लागले, तर समजा, की त्या खोलीत वाफ कोंडली आहे आणि जो माठ निवत नाही तिथे माणूसही निवत नाही.

ही काही आमची अक्कल नव्हे. इंग्लंडात कॉर्नवॉल परगण्यात कथलाच्या खोल खाणी होत्या. तिथे जे. एस. हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०५ साली दाखवून दिले, की माणूस किती उष्णता सोसेल हे साध्या पाऱ्यावरून कळत नाही. पाऱ्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा आणि मग तो काय सांगतो ते पाहा. हवा स्तब्ध असेल आणि हा ओला पारा ३१ अंशांच्या पुढे गेला, तर माणूस नुसता बसून असला तरी त्याच्या अंगाचे तापमान चढू लागते, असे त्याला आढळले. मग काम करणाऱ्याची काय कथा! बाहेरच्या रस्त्यावर, वैशाखाच्या भर दुपारी, आपल्याकडे हा ओला पारा कोरड्याच्या वीस अंश खालीसुद्धा असू शकतो. म्हणजे खानदेशाच्या कोरड्या हवेने माणसाला एक सवलत दिलेली आहे. पक्की भिंत, बंद खिडकी आणि भट्टीची वाफ मिळून ती सवलत काढून घेतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर, जेव्हा बाहेरची हवाही दमट होते आणि लोक म्हणतात की ऊन जरा उतरले, तेव्हा आमच्याकडे भोवळ आलेल्यांचे निरोप अधिक येतात.

आता पॅरिसची गोष्ट ऐका. जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक तरुणपणी तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात भांडी घाशी. १९३३ साली निघालेल्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' या पुस्तकात त्याने तिथली उष्णता ११० अंश फॅरनहाइटच्या खाली कधी येत नसे असे लिहिले आहे. ११० फॅरनहाइट म्हणजे आपले ४३ सेल्सिअस. युरोपातल्या वाचकाला तो आकडा नरकाचा वाटला असेल. जळगावात मे महिन्यात तो सावलीतला आकडा आहे. आपला आचारी भट्टी पेटवण्यापूर्वीच तिथे उभा असतो.

कोणी म्हणेल, की सरकार आहे, कायदे आहेत. आहेत. त्यांचाच इतिहास जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण तो थोड्यांना ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात तेरावे कलम होते. कामाच्या जागी ताजी हवा खेळती हवी. तापमान असे हवे, की कामगाराला बरे वाटेल आणि त्याच्या प्रकृतीला इजा होणार नाही. जिथे कामच उष्णतेचे असेल तिथे उष्णता करणारी क्रिया अलग करावी किंवा तापलेल्या भागाला आवरण घालावे, असे ते सांगे. पुढे आदर्श नियमांत ओल्या पाऱ्यालाही ३० अंशांची मर्यादा घातली गेली. जळगाव, अमळनेर, धुळे येथे कापडगिरण्या चालत, त्या दिवसांत विणकाम खात्याच्या भिंतीवर कोरडा आणि ओला असे दोन पारे शेजारी शेजारी टांगलेले असत. गिरण्यांचे ते दिवस सरले. पण गिरणीतली दमट उष्णता मोजण्याजोगी गोष्ट आहे, हे कायद्याने मान्य केले होते.

मग भटारखान्याचे काय? १९५६ सालच्या एका निकालात मद्रास उच्च न्यायालयाने मंगळूरच्या एका उपाहारगृहाबाबत म्हटले, की स्वयंपाकघरात विक्रीसाठी पदार्थ तयार करणे हीसुद्धा उत्पादनाची क्रियाच होय. म्हणजे पुरेसे कामगार असतील, तर भटारखाना हा कारखाना. दार उघडले होते. १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, संसदेने कारखाने कायद्यात दुरुस्ती केली आणि कारखान्याच्या व्याख्येतून हॉटेल, उपाहारगृह आणि खाण्याची जागा ही तीन नावे घेऊन वगळली. भट्टी तीच, वाफ तीच. कागदावर मात्र तो आता कारखाना राहिला नाही, आणि तेरावे कलम उंबऱ्याबाहेर थांबले.

२०२० साली नवी संहिता झाली, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यातही कारखान्याच्या व्याख्येतून हॉटेल बाहेरच आहे. पण एक बरे आहे: दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कोणत्याही आस्थापनेत हवा, तापमान आणि आर्द्रता यांची जबाबदारी मालकावर टाकणारे तेविसावे कलम तिच्यात आहे. आर्द्रता हा शब्द कायद्यात आहे, मंडळी. तो आम्ही लाल पेन्सिलीने खुणावून ठेवला आहे. प्रश्न उरतो तो दहाच्या आतल्यांचा. आपल्या जळगाव-धुळ्याच्या खानावळी मोजून पाहा. स्टँडजवळच्या, मार्केट यार्डाजवळच्या, आग्रा रोडवरच्या ढाब्यांतल्या किती ठिकाणी दहा माणसे पटावर असतात? आणि जिथे अकरा असतात तिथे पटावर नऊच का असतात, हेही आपण ओळखाल.

कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून असा नियम आहे, की छपराखालच्या कामाच्या जागीही तापमान ८२ फॅरनहाइटवर, म्हणजे २८ सेल्सिअसच्या जवळ गेले, की मालकाने गार पाणी आणि निवण्यासाठी वेगळी जागा दिलीच पाहिजे. २८ अंश! आपल्याकडे मे महिन्यात कित्येकदा पहाटे तेवढे असते. आम्ही २८ मागत नाही. आकडा आपल्या हवेला साजेसा ठरवा. पण आकडा असू द्या.

आपल्याकडे पारा अगदीच लागत नाही असे नाही. अन्नाचा परवाना पाहायला अधिकारी येतात, आणि पनीर ५ अंशांच्या आत ठेवले आहे की नाही ते तपासतात. ते तपासलेच पाहिजे, नाही तर गिऱ्हाईक आजारी पडेल. फक्त तोच पारा शीतकपाटातून काढून दोन हात बाजूला धरला, तर पनीर कापणाऱ्या माणसाचीही हवा कळेल.

उन्हाळ्यात सरकारी सूचना निघतात त्याही आम्ही वाचतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेने फार माणसे दगावली. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, आणि पुढे इतर शहरांनीही तिचे अनुकरण केले. हे मोठे काम झाले. पण सूचनांत पहिले वाक्य असते, की दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, सावलीत थांबा. आमचा आचारी बाहेर पडतच नाही. तो सावलीतच भाजतो, आणि म्हणून कोणत्याच यादीत येत नाही. दवाखान्याच्या कागदावर 'चक्कर' एवढे लिहिले जाते. भरपाई मागायला गेलो, की समोरचा विचारतो, उन्हात होता का? नव्हता. मग उष्माघात कसा?

आमच्या स्वतःच्या लोकांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. आच सोसणे ही आमच्यात फुशारकीची गोष्ट होऊन बसली आहे. जुना तंदूरवाला कोपरापर्यंत जळलेले केस दाखवतो आणि नव्या पोराला हसतो. सातपुड्याच्या पायथ्याकडून, उत्तर प्रदेशातून, नेपाळातून पोरे येतात. पहिल्याच दिवशी त्यांना भट्टीवर उभे करतात आणि तिसऱ्या दिवशी पोरगा कोसळला की म्हणतात, कच्चा निघाला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत १९३० च्या दशकातच हे कळले होते, की उष्णतेची सवय अंगाला एकदोन आठवड्यांत हळूहळू लागते, आणि मरतात ते बहुधा नवे. तेव्हापासून तिथे नव्या माणसाला थोडे थोडे काम देऊन अंग बनवून घेत. आणि दिवाळीला वा लग्नसराईला दोन-तीन आठवडे गावी गेलेला जुना माणूसही परत येतो तेव्हा ती सवय बरीचशी गेलेली असते. त्याला पहिले चार दिवस मोरीवर किंवा भाजी चिरायला ठेवा. यात मालकाचा एक पैसा जात नाही.

बायकांचे दुःख निराळे. खानदेशी जेवण म्हणजे भाकरी, आणि भाकरी म्हणजे चुलीपुढे सहा-सहा तास बसलेली बाई. कुठे लग्नाच्या हंगामात मांडे करायच्या बाया असतात, उपड्या खापराखाली जाळ आणि वर हातभर पुरणाचा मांडा. त्यांची कला पाहायला लोक गोळा होतात. एका बाईला आम्ही विचारले, ताई, पाणी का पीत नाही? तिने हळूच सांगितले, "भाऊ, पाणी पिलं की जावं लागतं, आणि जावं कुठं?" हॉटेलात जागा होती, पण गिऱ्हाइकांसाठी. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांत उष्णता आणि पाण्याचा तुटवडा यांचा मूत्रपिंडाच्या विकाराशी संबंध डॉक्टरांना दिसून आला आहे. भटारखान्यातल्या पाण्याचा प्रश्न असा माठापाशी सुटत नाही, शौचालयापाशी सुटतो.

धुळ्याकडच्या एका हॉटेलात, नाव सांगत नाही, मालकाने पुढच्या दालनात वातानुकूलन बसवले. चांगली गोष्ट. पण यंत्राचा बाहेरचा डबा त्याने मागच्या बोळात लावला, आणि बोळात भटारखान्याची एकुलती एक खिडकी. गिऱ्हाइकांच्या अंगावरून काढलेली उष्णता बरोबर आचाऱ्याच्या पाठीवर. आम्ही शेठना बोळात दहा मिनिटे उभे केले. माणूस वाईट नव्हता. त्याने ते कधी पाहिलेच नव्हते. डबा गच्चीवर गेला. पुढे त्यांनीच विचारले, आणखी काय करावे? आम्ही सांगितले ते असे: भट्टीच्या डोक्यावर पत्र्याचा झाकोळ घालून त्यातून पंख्याने वाफ वर ओढावी. पण बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला समोरच्या भिंतीत खाली झडप पाहिजे. ती नसली तर पंखा नुसता कण्हतो. कूलर ठेवायचा तर त्या झडपेवर बाहेरून, म्हणजे खानदेशची कोरडी हवा त्यातून गार होऊन माणसाच्या छातीवर येईल. तोच कूलर खोलीच्या आत ठेवला, तर तो आतलीच हवा घुसळून तिच्यात आणखी ओल घालतो, आणि थोड्या वेळाने आधीच बरे होते असे वाटते. तंदुराची आच हवेने हटत नाही, ती उन्हासारखी सरळ येते; तिला तोंडाशी पत्र्याची आड हवी आणि तंदूरवाल्याला तासाला बदली हवी. वरच्या पत्र्याला पांढरा चुना.

बदली म्हटली की शेठ गप्प झाले. भिंत फोडायला ते तयार होते, माणूस वाढवायला नव्हते. तिथे आमचे भांडण अजून चालू आहे.

माणसाच्या हातात असलेले उपाय थोडे आहेत, तेही सांगतो, कारण सभेत आमचे काही सोबती दिसताहेत. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. घाम फार गेला तर मीठ घातलेले ताक किंवा पन्हे, पण ज्याला रक्तदाबाचा त्रास आहे त्याने मीठ डॉक्टरला विचारून. सुटीच्या दहा मिनिटांत दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत बुडवून बसावे. हे खुळचट दिसते, पण हातांतले रक्त निवून आत जाते आणि अंग खरेच उतरते. खिशात कांदा ठेवणाऱ्यांशी आमचे वैर नाही. त्याबरोबर पाणीही ठेवा म्हणजे झाले. आणि सोबती असंबद्ध बोलू लागला, वेडेवाकडे पाऊल टाकू लागला, तर त्याची थट्टा करू नका. त्याला भट्टीपासून ओढून बाहेर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, आणि गाडी बोलवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. घाम चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काम करता करता लागलेल्या उष्माघातात पुष्कळदा घाम चालूच असतो.

रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. आमची मागणी सुटीपेक्षाही लहान आहे. प्रत्येक खानावळीच्या भिंतीवर दोन पारे, एक कोरडा, एक ओला. दिवसातून तीनदा वाचून वहीत आकडा. आणि ती वही परवान्याच्या कागदांबरोबर तपासली जावी, मग पटावर माणसे दहा असोत की तीन. दोन्ही पाऱ्यांना मिळून एका कुटुंबाच्या एका वेळच्या जेवणाच्या बिलाहून फार खर्च येत नाही. काही ठिकाणी आम्ही ते स्वखर्चाने टांगले आहेत. एका ठिकाणी मालकाने ते उतरवून ठेवले, गिऱ्हाइकांना दिसते म्हणून. दुसऱ्या ठिकाणी आचारी स्वतः वही लिहितो, तारीख आणि वेळेसकट; त्याचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे.

वेळ झाली असे अध्यक्ष खुणावत आहेत. प्रश्नांसाठी आम्ही थांबतो. सभेत हॉटेलमालक मंडळी असतील तर त्यांनी आधी विचारावे. आमच्या सोबत्यांना साडेनऊला रात्रीच्या गर्दीसाठी परत भट्टीवर जायचे आहे.